न फुटलेली कॅप

वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने बजाजनगर वाढलं. खानदेशातून, विदर्भातून, बीड-परभणीकडून माणसं आली, त्यांनी रो-हाउस घेतली, गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या. अशाच एका घरात आप्पा राहत. मुलगा कंपनीत, नातू आयटीआय करून एका प्रेसशॉपमध्ये पॉवर प्रेसवर. आप्पा स्वतः वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. 1964 साली उभ्या राहिलेल्या त्या निर्माणीत रायफलीची काडतुसं तयार होतात. आप्पांचा हुद्दा होता डेंजर बिल्डिंग वर्कर. नातवाच्या मित्रांना हे नाव सिनेमातलं वाटे; सरकारी कागदावर ते खरोखर तसंच असतं.

एका सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीतून ठक-ठक ऐकू आली. आप्पा गुडघे धरत जिना चढले. नातवाने बेंच वाइसमध्ये एक पितळी पुंगळी पकडली होती. भंगाराच्या दुकानात पितळेच्या ढिगात त्याला एक जुनं, न उडालेलं काडतूस मिळालं होतं. त्याचं कीचेन करायचं होतं. पुढची गोळी त्याने उपटून काढलेली, आतली दारू स्टीलच्या वाटीत ओतलेली, आणि त्या वाटीपासून हातभर अंतरावर डासांची कॉइल जळत होती.

"आप्पा, झालंच. फक्त बुडाची कॅप राहिलीय."

त्याच्या एका हातात बारीक पंच होता, दुसऱ्यात हातोडी.

"ती हातोडी आधी खाली ठेव," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. स्वतः वाकून कॉइल उचलली, खाली नेऊन न्हाणीत विझवली आणि मग परत वर आले. शेजारची दोन पोरं गच्चीवर पतंग उडवत होती, त्यांना जिन्याने खाली पिटाळलं. सुनेला वरूनच ओरडून सांगितलं, कुणी वर येऊ नका.

नातू हसला. "अहो, रात्रभर तेलात बुडवून ठेवलं होतं. मेली असणार ती."

"मेली असणार म्हणजे कुणी बघितलं?"

"व्हिडिओत सांगतात तसं."

इथे थोडं सांगायला हवं. काडतुसाच्या बुडाशी मधोमध पाच मिलिमीटरच्या आतबाहेरची एक छोटी धातूची टोपी बसवलेली असते. निर्माणीतले कामगार तिला कॅप म्हणतात. तिच्यात चिमूटभरही नाही इतकं रसायन असतं, पण ते जात्याच तापट. बंदुकीची सुई त्यावर आदळली की ठिणगी आत जाते आणि मुख्य दारू पेटते. दिवाळीत टिकल्यांवर दगड मारलेल्या कोणालाही हे कळेल. फरक एवढाच, की ही टिकली कागदात नसून धातूत कोंडलेली असते आणि फुटली तर तो धातूही सोबत घेऊन येते.

तेलाची गोष्टही अशीच अर्धी. तेलाने कॅप कधी बिघडते, कधी बिघडत नाही. तिच्यावर लाखेचा किंवा कागदाचा थर असतो. तेल आत पोचलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. बिघडलेली आणि चांगली, दोन्ही कॅपा दिसायला एकसारख्या.

"अमेरिकेत लोक घरी बसून काडतुसं भरतात," नातू म्हणाला. "जिवंत कॅपसुद्धा काढतात."

"काढतात. कशाने?"

"प्रेसने."

"आणि तू?"

नातू हातोडीकडे बघत राहिला. आप्पांनी त्याला मोबाइल काढायला लावला आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून लावायला सांगितला. नातवाने सुरुवात ओलांडून बघितला होता. त्या सुरुवातीतच माणूस सांगत होता: शक्य असेल तर जिवंत कॅप काढूच नका. काढायचीच तर डोळ्यांवर चष्मा, जवळ दारू नको, दुसऱ्या कॅपा नकोत, आणि हँडल अगदी सावकाश दाबा. ठोका कधीही मारू नका. ठोक्यानेच फुटावी म्हणून ती बनवलेली असते. शिवाय तिकडे ते सगळं कायद्यात बसतं. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस घरात ठेवणं हाही गुन्हा, मग ते भरणं तर दूरच.

तरी पोराचं समाधान होईना. "इतकी वर्षं भंगारात पडलेलं, आता काय फुटणार?"

आप्पा वाटीपासून लांब खाटेवर बसले. निर्माणीतलं सांगू लागले, की आत जाताना काडीपेटी दारावर जमा करायची, खिळ्यांचे बूट चालायचे नाहीत, धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची. प्रत्येक खोलीबाहेर पाटी, आत माणसं किती आणि माल किती. बिघडलेला मालसुद्धा त्याच शिस्तीने हाताळायचा. मग म्हणाले, "पुलगावजवळचं आठवतं का? नोव्हेंबर 2018. जुना, बाद झालेला दारूगोळा नष्ट करायला मोकळ्या रानात नेला होता. स्फोट झाला, सहा माणसं गेली. तोही मालच होता, बाद ठरवलेला."

नातू गप्प होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. म्हाताऱ्याच्या जुन्या नोकरीच्या गोष्टी त्याने फार ऐकल्या होत्या. आप्पांच्याही ते लक्षात आलं असावं.

"बरं, तुझ्या प्रेसचं सांग. डायमध्ये जॉब अडकला. मोटर बंद केलीस. लगेच हात घालशील?"

"छे! फ्लायव्हील फिरत असतं ना."

"बटण तर बंद आहे."

"बटण बंद असलं म्हणून काय झालं? त्याच्यात जोर भरलेला असतो. क्लच लागला तर स्ट्रोक येतो खाली. आमच्या लाइनवर एकाची दोन बोटं..."

तो थांबला. वाइसकडे त्याने नव्याने बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला.

वाळूजच्या पट्ट्यात फ्लायव्हील कुणाला शिकवावं लागत नाही. जे यंत्र रोज समोर फिरतं त्याच्या बाबतीत माणूस शहाणा असतो. दुसऱ्याच्या धंद्यातलं यंत्र बंद दिसलं की ते संपलंच, असं त्याच माणसाला वाटतं. आप्पाही त्याला अपवाद नव्हते. मिक्सरच्या भांड्यात चमचा घालण्यावरून सुनेने त्यांना कितीदा तरी टोकलं होतं.

पुंगळी वाइसमध्येच राहू दिली. वाटीलाही हात लावला नाही. खोलीला कडी घालून दोघं खाली आले आणि आप्पांनी 112 ला फोन लावला. नातवाचा चेहरा उतरला होता. केस होईल, नोकरी जाईल, हेच त्याच्या डोक्यात. आप्पा म्हणाले, लपवलंस तर जास्त होईल. एमआयडीसी वाळूज पोलीस ठाण्याचे लोक आले, मागून बॉम्बशोधक पथक आलं. पंचनामा झाला, कुठून आणलं, कधी आणलं, दुकान कोणतं, सगळं विचारून झालं. नातवाला पुढेही ठाण्यात हेलपाटे घालावे लागले. आप्पा प्रत्येक वेळी बरोबर गेले.

ती कॅप जिवंत होती की मेलेली, हे घरात कुणालाच कळलं नाही. आप्पांनी विचारलंही नाही. त्यांच्या लेखी त्या उत्तराने काहीच बदलणार नव्हतं.

भंगारात, शेतात किंवा वाडवडिलांच्या ट्रंकेत असं काही सापडलं, तर ते उचलू नका, धुऊ नका, ठोकू नका. आहे तिथेच ठेवा, पोरांना लांब करा आणि 112 ला फोन करा.