दुसऱ्याची मोटार

शास्त्रपाठ : २ राजे ६:१-७, निर्गम २२:७-१५



अलीशाच्या शिष्याची कुऱ्हाड यार्देनेत पडली आणि ते लोखंड पाण्यावर तरंगून आले, हा धडा आम्ही शब्बाथ शाळेत किती वेळा शिकवला असेल याची गणती नाही. फळ्यावर नदी काढायची, काठी काढायची, आणि शेवटी लोखंड वर आले की मुले टाळ्या वाजवतात. तास संपतो. पण त्या शिष्याने एवढी आरोळी का मारली, इकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले सुरत जिल्ह्यातील पलसाणा येथे, एका चहाच्या टपरीपुढे.

पोटापाण्यासाठी आम्ही बॉयलरच्या व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचे काम करतो. पलसाणा तालुक्यात कापड रंगवण्याच्या व छपाईच्या गिरण्या पुष्कळ आहेत, आणि जिथे रंगाई आहे तिथे वाफ लागतेच. २०२४ च्या दिवाळीआधी तीन दिवसांच्या कामासाठी तिकडे जाणे झाले. बरोबर एक तरुण सहकारी होता. कडोदरा, पलसाणा, सचिन ही गावे एकमेकांपासून दूर. हत्यारांची जड पेटी घेऊन रिक्षा बदलत फिरणे अवघड. म्हणून मोटार भाड्याने घेऊन ती स्वतःच चालवायची असे ठरले.

खानदेशातून सुरतेस गेलेली कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फार आहेत. तिथल्याच एका तरुणाची गाडी ओळखीतून मिळाली. वाचकांना ठाऊक असेल की टॅक्सीची पाटी पिवळी असते व तिच्यावर अक्षरे काळी. आपण स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी. या गाडीची पाटी पांढरी होती. म्हणजे ती घरच्या वापराची. ती भाड्याने देण्याची कायद्याने मुभा नाही. भाडे मात्र निम्मे. किल्ली हातात देताना तो तरुण म्हणाला, "भाऊ, कोणी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा." आम्ही हसलो आणि "बरं" म्हणालो.

वाचकहो, हे "बरं" ध्यानात ठेवावे. पुढे जे झाले त्याचे दार तिथेच उघडले होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी काम आटोपून आम्ही पलसाण्याच्या चौफुलीपाशी चहाला थांबलो. तिकडे तिला चोकडी म्हणतात. मुंबई-अहमदाबाद हा ४८ क्रमांकाचा महामार्ग, जो जुन्या लोकांच्या तोंडी अजून आठ नंबरच आहे, आणि हजिऱ्याहून बारडोली, व्यारा, नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग तिथे एकमेकांस मिळतात. गाडी रस्त्याच्या कडेला, आम्हांपासून वीस पावलांवर. किल्ली आतच राहिली. ती सहकाऱ्याच्या नव्हे, आमच्या हातून राहिली. "दोनच मिनिटे" असे मनात म्हटले होते. गिरणीत बिघडलेल्या एका व्हॉल्व्हविषयी बोलणे चालले होते, चहा अर्धा झाला होता, आणि सहकारी म्हणाला, "साहेब, गाडी?"

गाडी नव्हती.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी ऐकून घेतले आणि चारी दिशांना हात करून दाखवला. मुंबई, अहमदाबाद, हजिरा, धुळे. कुठे म्हणून शोधणार? तरी त्यांनी वायरलेसवर नंबर कळवला आणि जबाब घेण्यासाठी थांबायला सांगितले. त्या अर्ध्या तासात आम्हांस सल्ले देणारे फार भेटले. किल्ली आत होती असे लिहून दिले तर विमा गेलाच समजा, हे प्रत्येकाचे म्हणणे. दोघे जण मोटारसायकलवर आले, धाक दाखवून किल्ली हिसकावून नेली असे सांगा. कोण पाहायला आले होते?

तेवढ्यात मालकाचा फोन आला. त्याला आम्हीच कळवले होते. तो रडत होता. "भाऊ, भाड्याचं नाव काढू नका. मित्र म्हणा. बँकेचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत. भाड्याचं कळलं तर मला एक रुपया मिळणार नाही."

आमच्या मनात काय आले ते येथे लपवत नाही. रविवारी व्यासपीठावर उभे राहणारा हा मनुष्य त्या बाकावर बसून सबंध गोष्ट रचून बसला होता. मोटारसायकलचा रंगसुद्धा ठरवला होता. आणि त्यात पाप आहे असे वाटतच नव्हते. विमा कंपनीपुढे चार लाख म्हणजे काय? इकडे एक गरीब मुलगा बुडतो आहे. खोटे बोलणे ही दया आणि खरे बोलणे हा कठोरपणा, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. स्वतःच्या लाभासाठी खोटे बोलण्याचा मोह आपण ओळखतो. त्याविषयी उपदेशही पुष्कळ ऐकलेले असतात. दुसऱ्याच्या भल्याचे नाव घेऊन जो मोह येतो तो ओळखू येत नाही. खरे पाहता त्या दयेत आमचाही वाटा होता. विमा मिळाला म्हणजे आम्हांस कोणी काही मागणार नव्हते.

घरी फोन केला. पत्नीने सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "गाडी कुणाची होती?"

"एका मुलाची. धुळ्याकडचा आहे."

"मग तो आता काय करणार?"

इतका वेळ विमा, पोलीस, किल्ली, कायदा याविषयीच बोलणे चालले होते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि आम्हांस एकाएकी तो यार्देनेकाठचा शिष्य आठवला.

तो का ओरडला? कुऱ्हाड गेली म्हणून काम अडले, हे त्याचे दुःख नव्हते. ती मागून आणलेली होती, हे त्याने आपल्या गुरूला सांगितले. धर्मशास्त्राच्या पदविकेत आमचे इब्री नावापुरतेच झाले, पण एवढे कळते की तिथे जो शब्द आहे तोच शौल राजाच्या नावात आहे. त्याचा अर्थ मागितलेला. त्या काळी लोखंड महाग. संदेष्ट्यांचे शिष्य काही श्रीमंत नव्हते. दांडा मुळातच सैल होता, मालकाने पाहून द्यायला हवी होती, असे तो म्हणू शकला असता, आणि कदाचित ते खरेही असेल. त्याने तसे म्हटले नाही. मग अलीशाने पहिली गोष्ट विचारली ती अशी की लोखंड पडले कुठे, आणि त्याने जागा दाखवली. आम्ही इतकी वर्षे या ओळीवरून घाईने पुढे जात होतो, कारण मुलांना चमत्कार हवा असतो. पण काठी पाण्यात पडण्याच्या आधी जागा दाखवणे आहे. जिथे पडली तीच जागा, सोयीची दुसरी नव्हे.

हवालदारांनी कागद पुढे ओढला. तोंडाने ३७९ म्हणाले आणि लिहिले ३०३. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आहे, पण जिभेची सवय जात नाही. त्यांनी विचारले, गाडी कुठे होती, किल्ली कुठे होती, गाडी कोणाची. आम्ही सांगितले. किल्ली आत होती. गाडी भाड्याने घेतली होती. त्यांनी एकदा वर पाहिले, मग गुजरातीत लिहून घेतले व वाचून दाखवले. सही करताना हात थरथरत होता. विश्वासाचा आनंद वगैरे काही वाटला नाही. एका मुलाचे घर आपण आत्ताच बुडवले, एवढेच वाटले.

आणि ते वाटणे चुकीचे नव्हते. येथे आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण आपल्या साक्षींमध्ये हा भाग बहुधा गाळला जातो. "मी खरे बोललो आणि देवाने मला सोडवले" असे आपण सांगतो. खरे बोलण्याचा भुर्दंड कोणी भरला, हे सांगत नाही. आम्ही खरे बोललो आणि त्याची किंमत त्या तरुणाच्या माथी पडत होती. सत्य आपण बोलायचे आणि पैसे दुसऱ्याने मोजायचे, हे तर फार स्वस्त सत्य झाले.

रात्री लॉजवर सहकाऱ्याशी वाद झाला. तो आपल्या विश्वासाचा नाही, पण सरळ मनाचा आहे. तो म्हणाला, "आपण भाडं भरलं होतं ना? भाड्यातच जोखीम आली." आम्ही पवित्र शास्त्र उघडले, तर त्याचे म्हणणे मोशेच्या नियमशास्त्रात जवळजवळ तसेच सापडले! निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात अगदी असल्याच प्रकरणांचा विचार आहे. शेजाऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना गेली तर काय? राखायला दिलेले जनावर हिंस्र पशूने फाडले तर पुरावा आणून दाखवावा, भरपाई नाही. पण ते राखणाऱ्यापासून चोरीस गेले तर भरून द्यावे. मागून आणलेले जनावर मालक जवळ नसताना मेले किंवा जखमी झाले तर पूर्ण भरून द्यावे. भाड्याचे असेल तर ते नुकसान भाड्यातच गेले.

सहकारी म्हणाला, "बघा, तुमच्याच ग्रंथात आहे."

क्षणभर सुटल्यासारखे वाटले. मग दोन गोष्टी दिसल्या. भाड्याची ती सवलत जनावर मरण्याविषयी व जखमी होण्याविषयी आहे. चोरीचा प्रश्न आला तिथे शास्त्र राखणाऱ्याला भरायला सांगते. आणि दुसरी अशी की वाटेत कोणी विचारले असते तर आम्ही काय सांगणार होतो? मित्राची गाडी, मागून आणली आहे. दंड चुकवताना ती उसनी, आणि भरण्याची वेळ आली की भाड्याची! याकोबाने लाबानाजवळ वीस वर्षे काढली, आणि दिवसा चोरीला गेलेले असो वा रात्री, मेंढरू त्याने आपल्या पदरचे भरले. लाबान कसा मनुष्य होता हे आपण जाणतोच.

तिसऱ्या दिवशी लिंबायतला त्याच्या घरी गेलो. आदल्या रात्रीपासून तो फोन उचलत नव्हता. त्याच्या आईने चहा दिला, त्याने मान वर केली नाही. आम्ही म्हणालो, विम्याचा निकाल लागेपर्यंत बँकेचा हप्ता आमच्याकडून जाईल, आणि निकालानंतर जी तूट राहील ती आम्ही भरू. तो म्हणाला, "लिहून द्या."

आम्हांस थोडा राग आला, हे कबूल करतो. मग पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र आठवले. अनेसिमाने काही बुडवले असेल तर ते माझ्या हिशेबी मांड असे पौल लिहितो, आणि तेवढ्यावर थांबत नाही. ते मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे असेही म्हणतो. फिलेमोन तर त्याचा जिवलग बंधू. तरी त्याने लिहून दिले. आम्हीही लिहून दिले.

पुढे आमच्या मंडळीतील एका वकील बंधूंनी सांगितले की परिस्थिती वाटली तेवढी वाईट नाही. खाजगी वापराची गाडी भाड्याने दिलेली होती म्हणून विम्याचा दावा सबंध फेटाळू नये, ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात दिला आहे. चालक पत्ता विचारायला उतरला, किल्ली आतच राहिली आणि ट्रक चोरीस गेला, अशा एका प्रकरणातही २०२३ साली तेवढीच रक्कम मंजूर झाली. मात्र फिर्याद ताबडतोब दिलेली असावी आणि विमा कंपनीलाही विनाविलंब कळवावे. म्हणजे जे खोटे बोलून वाचवायचे होते त्यातले बरेच काही खरे बोलूनही वाचण्याजोगे होते. उलट खोटा जबाब उघडा पडता तर सगळाच दावा बुडता. हे त्या रात्री आम्हांस ठाऊक नव्हते, हे एका परीने बरेच झाले. नाहीतर हिशेब करून खरे बोललो असतो.

आता थोडे घरचे. मोटार ही मोठी गोष्ट. तिची फिर्याद होते. पण मंडळीच्या खुर्च्या लग्नाला जातात आणि दोन मोडून येतात, तेव्हा कोण बोलतो? मंडळीची पेटी उपासनेसाठी म्हणून कोणी घरी नेली, तिचा भाता फाटला, ती गुपचूप जागेवर आणून ठेवली गेली. पाळकसाहेबांकडून आणलेली पुस्तके आमच्याच कपाटात आहेत. हा लेख लिहिताना पाहिले तर चार निघाली, त्यांतले एक उधईने खाल्लेले. ते घेऊन आम्ही गेलो. साहेब म्हणाले, "अहो, असू द्या." आम्ही दुसरी प्रत मागवली आहे.

मागील महिन्यात शब्बाथ शाळेत पुन्हा तोच धडा आला. या वेळी आम्ही मुलांना प्रथम विचारले की कुऱ्हाड कोणाची होती. सगळी गप्प. मग तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "लोखंड वर आल्यावर त्याने कुऱ्हाड परत नेऊन दिली का?" आम्ही पान पुन्हा पाहिले. त्याने हात पुढे करून ते घेतले, इथेच वर्णन संपते. शास्त्रात पुढचे लिहिलेले नाही, असे तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही.

आमची मोटार अद्याप मिळालेली नाही. विमा कंपनीने पोलिसांचा अंतिम अहवाल मागितला आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो; मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या रकमेतून तो जातो, म्हणून घरात या विषयावर बोलणे सोपे नाही. हप्ता पोचला की तो तरुण फोन करतो. पहिले काही महिने "मिळाले" एवढेच म्हणत असे. हल्ली आईची तब्येत सांगतो, सुरतेस आलात तर घरी या म्हणतो.

वाचकांनी त्याच्यासाठी व त्याच्या आईसाठी प्रार्थना करावी. आणि त्या सायंकाळी पलसाण्याच्या चौफुलीवरून जो गाडी घेऊन गेला, त्याच्यासाठीही. त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही, प्रभूला आहे.