गवत कोणाच्या मालकीचे?

वारकरी मंडळींपुढे आज एक प्रश्न मांडावयाचा आहे. दिसायला तो लहान आहे. ज्या रानात आपण काही पेरले नाही, तिथे पावसाने जे गवत उगवते ते कोणाचे? सातबारा म्हणेल, मालकाचे. मेंढरू म्हणेल, भुकेल्याचे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इकडे राहणाऱ्या माळकऱ्यांनी हा प्रश्न आपला नव्हे असे समजू नये. आपल्यापैकी कित्येकांचे पोट मुंबईत आणि जमीन घाटावर. माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला इकडची चार-दोन एकर, भावाच्या ताब्यात किंवा नुसतीच पडीक. अलीकडे त्या पडीकाभोवती तारेचे कुंपण घालण्याची चाल पडली आहे. जागा राखली जाते, कबूल. पण वाट अडते ती कोणाची?

ती धनगराची. या पट्ट्यात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही सारखा नाही. एका गावाला पडेल, शेजारच्या गावाला हुलकावणी देईल. असल्या मुलखात कळप एका जागी ठेवून जगत नाही. म्हणून दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचे आणि वाडा घेऊन निघायचे. कोणी भीमा-नीरेच्या खोऱ्यात, कोणी घाट उतरून रायगड-ठाण्याकडे, भात निघालेल्या खाचरांत. रात्री शेतात मेंढरे बसवायची. लेंडी-मुताचे खत शेताला, बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य नाहीतर पैसे. मृगाच्या आत माघारी फिरायचे, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस अन् चिखल सोसत नाही, खुरे कुजतात.

हे सारे गणित पावसाच्या वेळेवर बसवलेले, आणि ती वेळच आता मोडली आहे. मृग कोरडा जातो, मग महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो, मध्ये लांबलचक उघडीप. उगवलेले गवत बी धरण्याआधीच करपते. परतीचा पाऊस रेंगाळला की भात शेतातच अडकते आणि खाचर वेळेवर मोकळे होत नाही. २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या-दुसऱ्या तारखेला अवकाळी पाऊस आणि गारठा आला, तेव्हा पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उघड्यावर बसलेली शेकडो मेंढरे गारठून मेली. ज्याचे भांडवलच चार पायांवर उभे, त्याचे एका रात्रीत काय होत असेल याची कल्पना करावी.

मदत करावी असे सर्वांसच वाटते. पण बहुतेक शहाणी माणसे म्हणतात, 'त्यांना एकदा एका जागी बसवा म्हणजे झाले.' या बोलण्याचे मूळ आपल्या शेजारीच आहे. गोरेगावला आरे दूध वसाहत १९४९ साली वसली. तबेल्यात म्हैस जागेवर उभी, गवत तिच्याकडे चालत येते. आपण शहरवासी हेच पाहत आलो, म्हणून पशुपालन म्हणजे हेच असे वाटते. दुष्काळी रानात उलटे आहे. तिथे चारा चालत येत नाही, जनावराने चाऱ्याकडे जावे लागते. पाऊस जितका लहरी, तितकी पायांची मोकळीक अधिक हवी. म्हणजे हवामान बिघडल्यावर जी तोड सर्वांत कामाची, तीच आपण दयेपोटी मोडायला निघालो आहोत!

सरकारी आणि संस्थांचे काम वाईट आहे असे नव्हे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी सुवर्णा मेंढी तयार केली. २०१७ पासूनच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर अनुदानावर मिळतो. पण जुळ्यांना पाजणारी मेंढी जास्त खाते. ती चरणार कुठे? गायराने अतिक्रमणात गेली; ती मोकळी करा असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना २०११ सालीच बजावले. संयुक्त राष्ट्रांनीही २०२६ हे साल कुरणे आणि पशुपालक यांच्या नावे केले आहे. कागद बरेच झाले.

इथे एक शंका माळकऱ्याच्या मनात येईल, आणि ती झाकून ठेवू नये. मेंढरू अखेर देवनारला जाते. तो कत्तलखाना आपल्याच उपनगरात, १९७१ पासून. मग तुळशीची माळ घातलेल्याने त्याला चारा का द्यावा? ही शंका खोटी नाही. माझ्याने तिचे पुरते समाधान होत नाही. पण एवढे दिसते की, त्याच मेंढरांच्या खतावर पिकलेली ज्वारी आपण खातो, त्यांच्या लोकरीच्या घोंगडीवर भजनाला बसतो, काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती त्यांचे रिंगण पाहून हात जोडतो. एवढे घेतल्यावर, फक्त गवत देताना सोवळे आठवावे हे मला पटत नाही. उपाशी मेंढरू देवनारला लवकर जाते, उशिरा नव्हे.

आणि वारीत आपण काय करतो? परक्याच्या रानात राहुट्या ठोकतो, परक्याच्या विहिरीचे पाणी पितो. 'माउली, टेका इथे,' असेच ऐकू येते. तोच माणूस चार महिन्यांनी मेंढरे पाहून काठी उगारतो. कधी उभ्या पिकात मेंढरे घुसतात, तेव्हा राग रास्तच. ते भांडण जुने आहे. पण पडीक रानावर कसला राग?

कुंपण काढून टाका असे मी म्हणत नाही. उगवत्या गवताला विसावा हवा, नाहीतर बीच उरायचे नाही. पावसाळाभर रान बंद ठेवावे, बी झडू द्यावे, मग दसऱ्यानंतर तारेतला एक दरवाजा उघडावा. वाड्याच्या कारभाऱ्याशी आधी बोलून किती मेंढरे, किती दिवस, हे ठरवावे. बोअरला पाणी असेल तर हौदात सोडावे, आणि मेंढरे आपल्याच रानात बसवून घ्यावीत, खत आयते पडते. कार्तिकीहून परतताना बरेच जण गावी उतरतात. वाडे तेव्हा वाटेवरच असतात, बोलणी करायला ते दिवस बरे.