पळस, ड्रोन आणि एक मोळी



२१ फेब्रुवारी २०२६, राखेच्या बुधवारानंतरचा शनिवार. आपल्या युवक मंडळातल्या तिघांना घेऊन मी पहाटेच जिंतूरच्या डोंगराकडे निघालो. आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल मुळातच थोडे. जे आहे त्यात या दिवसांत पळस फुलतो. त्याचा वरून फोटो काढून ईस्टरच्या भेटकार्डावर छापावा, ही कल्पना माझीच. मुलांना दोष नको.

ड्रोन छोटा, अडीचशे ग्रॅमच्या आतला. २०२१ च्या नियमांप्रमाणे एवढ्या ड्रोनला परवान्याची अट नाही, पण उंचीची मर्यादा आहे. राखीव जंगलात न जाता आम्ही गायरानाच्या कडेला थांबलो. कायद्यात कुठे चुकायला नको, एवढी काळजी मी घेतली होती.

पावणेसातच्या सुमारास उजाडले. फुलताना पळसाच्या अंगावर पान नसते, म्हणून वरून बघितले की फुलेच फुले. त्यात सकाळचे तिरपे ऊन. मोबाइलच्या पडद्यावर सगळा उतार पेटल्यासारखा दिसू लागला. आम्ही चौघेही गप्प झालो. मला अर्थातच मोशेचे जळते झुडूप आठवले आणि प्रवचनाला छान विषय मिळाला म्हणून मी खूशही झालो.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "फादर, खाली बाई आहे."

ड्रोन खाली आणला होता. गांधीलमाशा उठाव्यात तसा त्याचा आवाज. डोक्यावरची मोळी टाकून ती बाई एका पळसाखाली दबून बसली होती, तोंडावर पदर ओढून. पण निष्पर्ण झाडाखाली लपणार कुठे? पडद्यावर ती स्पष्ट दिसत होती. आम्ही ड्रोन उतरवला आणि मी चालत तिच्याकडे गेलो. जवळ पोहोचण्याआधीच ती हात जोडून म्हणाली, "साहेब, वलं न्हाई तोडलं. वाळकंच हाय समदं."

तिला वाटले, आम्ही पकडायला आलो. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगितले तरी तिचा विश्वास बसेना. मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला मी हात लावला, तेव्हा कळले ती किती जड असते. घरी गॅस आहे, पण टाकी भरायला पैसे नाहीत, एवढेच ती बोलली. झाडाखाली गळलेल्या फुलांचा सडा होता आणि त्यावर मुंग्या. ड्रोनमुळे उडालेल्या साळुंक्या हळूहळू फांद्यांवर परत येत होत्या. यातले काहीही वरून दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, वेदीसमोर उभे राहून मलाच मत्तयचे शुभवर्तमान वाचायचे होते. सैतान येशूला उंच डोंगरावर नेतो आणि जगातली सगळी राज्ये, त्यांचे वैभव दाखवतो. वाचताना माझा आवाज अडखळला, काहींच्या ते लक्षातही आले असेल. त्या उंचीवरून वैभव दिसते, माणूस दिसत नाही. सैतानाला तेच हवे होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सांगत, ज्ञानाची सुरुवात पाहण्यापासून होते. कुठे उभे राहून पाहायचे, यावर मात्र कधी चर्चा झाल्याचे आठवत नाही. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात तो प्रश्न आहे. झुडपाचे नवल बघायला मोशे जवळ येतो, तर देव त्याला आधी पायातले काढायला लावतो. मग झुडपाबद्दल एक शब्दही नाही. देव बोलतो तो विटा थापणाऱ्या गुलामांबद्दल: मी त्यांचे हाल पाहिले, त्यांचा आक्रोश ऐकला, आणि मी खाली उतरलो आहे. देव तर सगळ्यांत उंचावरून पाहतो. तरी त्याला उतरावे लागले. मी त्या सकाळी जळते झुडूप घेतले आणि पुढचा भाग सोडून दिला.

मुलांनी विचारले, बाई कापून टाकली तर फोटो वापरता येईल का? मी नाही म्हटले. तो फोटो आता कुणाकडेच नाही. भेटकार्ड दरवर्षीसारखेच निघेल.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर युवक मंडळ त्या वाडीवर जाणार आहे, ड्रोन न घेता. कुणाच्या घरची टाकी रिकामी आहे ते विचारायचे आहे. उपवासकाळाच्या पेटीतली रक्कम आधी तिकडे जाईल. बरोबर यायचे असेल त्यांनी साडेनऊला गेटजवळ थांबावे. वाट खडकाळ आहे, चपला मजबूत घाला.

आपला,
फादर