निष्ठेचे दोन पक्ष

चेंबूरच्या मैदानावर सायंकाळी फुटबॉलमागे धावणाऱ्या मुलाला वडील विचारतात, "याने पुढे पोट भरेल का?" प्रश्न व्यवहाराचा खरा; पण त्याच्या आड नीतीचा प्रश्न उभा आहे.

अधिक पगारासाठी खेळाडूने क्लब सोडला, की आपण त्याला बेइमान म्हणतो. आता मुंबईचाच महिंद्रा युनायटेड संघ पाहा. १९६२ साली स्थापन झालेला, २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला हा संघ २०१० साली मालकांनी बंद केला. त्याला आपण बेइमानी म्हणत नाही, धोरण म्हणतो!

इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. निष्ठा तेव्हा स्वस्त होती, इतकेच.

मुदत संपेपर्यंत जीव ओतून खेळणे, ही खेळाडूची निष्ठा. ठरलेले वेतन वेळेवर देणे आणि त्याचे पाय थकण्यापूर्वी त्याच्या उद्याचा विचार करणे, ही क्लबची. एकाच पक्षाकडून मागितली जाते, ती निष्ठा नव्हे, वेठबिगारी होय.

आणि वडिलांनी? मुलाला खुशाल खेळू द्यावे. मात्र करारावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचता येईल, एवढे शिकवावे.