आशा विकत घ्यावी काय?

काळेवाडींतील एका घरीं आम्हांस विचारण्यांत आलें: कारखान्यांत उंचावरून पडून मुलाच्या मज्जारज्जूस इजा झाली आहे, नव्या पेशी घातल्यास तो चालेल असें कोणी सांगतो, तर शेत विकावें काय? "देव करो" एवढेंच आम्ही बोललों. तें आमचें भ्याडपण होय.

पेशीरोपण हें थोतांड नव्हे. २०१२ सालीं पोलंड देशांत एका लुळ्या मनुष्याच्या घ्राणकंदांतील पेशी त्याच्या मज्जारज्जूंत घातल्या; पुष्कळ कसरतीनंतर पायांत कांहीं शक्ति परतली. परंतु एकाचें उदाहरण म्हणजे सिद्ध उपाय नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालीं ठरविलें कीं, रक्ताचे कांहीं विकार वगळतां मूळपेशींचे प्रयोग मान्य चाचणींतच व्हावे व रोग्याकडून पैसे घेऊं नयेत. मग जो पैसे मागतो, तो औषध नव्हे, आशा विकतो.

तर आशा सोडावी काय? मुळींच नाहीं. जवळच खडकी येथें १९७४ पासून जायबंदी सैनिकांचें पुनर्वसन केंद्र आहे. चाकांच्या खुर्चींत बसूनही मनुष्य काम करितो व खेळतो. न चालणारा तो उणा, असें आपण मानितों, म्हणूनच ठकविले जातों. बंधूंनो, शेत राखा, उंबरठ्यास उतार बांधा, आणि त्याला मानाची जागा द्या.