ठरीव हप्त्यातला न ठरलेला भाग

अमेरिकेतले घरकर्ज बहुधा तीस वर्षांचे आणि ठरीव व्याजदराचे असते. मुद्दल आणि व्याज मिळून पहिल्या महिन्यात जेवढे भरायचे, तेवढेच शेवटच्या महिन्यात. पण मालकाच्या खात्यातून दरमहा जाणाऱ्या हप्त्यात आणखी दोन रकमा असतात: मालमत्ता कर आणि घराचा विमा. कर्ज देणारी संस्था वर्षभराच्या या खर्चाचा बारावा हिस्सा दर महिन्याला घेते, एस्क्रो खात्यात साठवते आणि बिल आले की परस्पर भरून टाकते. व्याजाचा दर बांधलेला असला तरी कराचा आकडा बांधलेला नसतो. घर घेताना तो कमी धरला गेला, तर वर्ष-दीड वर्षाने हप्ता एकदम वर चढतो.

ही पद्धत १९३०च्या दशकातल्या महामंदीत रुजली. कर थकल्यामुळे घरांचे लिलाव होत होते. कराची थकबाकी कर्जाच्याही आधी वसूल होते, त्यामुळे मालकाने कर चुकवला की कर्ज देणाऱ्याचे तारणही धोक्यात येई. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने विमा दिलेल्या कर्जांत कराची रक्कम मासिक हप्त्यातच घेण्याची रीत रूढ केली. म्हणजे एस्क्रोचा पहिला हेतू तारण राखणे हा होता. मालकाची सोय त्यातून झाली, आणि ती खरी आहे. पण अंदाज चुकला तर तारणाला धक्का लागत नाही, धक्का मालकाला बसतो.

अंदाज चुकतो कारण तो बहुतेकदा मागच्या बिलावरून काढलेला असतो, आणि मागचे बिल मागच्या मालकाचे असते. कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रपोझिशन १३ नुसार घराचे करमूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, मात्र घर विकले गेले की ते नव्या बाजारभावाला आणले जाते. शिवाय मधल्या काळातल्या फरकाचे पुरवणी बिल निघते आणि ते सहसा थेट मालकाच्या पत्त्यावर येते, एस्क्रोतून भरले जात नाही. फ्लोरिडात स्वतः राहत्या घराला वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. तीही विक्रीनंतर उठते. मिशिगनमध्ये असेच घडते. वीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या विक्रेत्याचे बिल नव्या मालकाला काहीच सांगत नाही.

सगळ्यात मोठी तफावत नव्या बांधकामात दिसते. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळा आणि स्थानिक संस्था मालमत्ता करावर फार अवलंबून आहेत. समजा, शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत ४,२०,००० डॉलरचे घर आहे. आधीच्या वर्षी तिथे फक्त प्लॉट होता, त्याचे करमूल्य ९०,००० डॉलर आणि कराचा दर २.२ टक्के; कर झाला १,९८० डॉलर. त्यावरून महिन्याला १६५ डॉलर कर, २०० डॉलर विमा आणि २,२०० डॉलर मुद्दल-व्याज असा २,५६५ डॉलरचा हप्ता ठरतो. पुढच्या वर्षी पूर्ण घराची आकारणी होते आणि, सवलती बाजूला ठेवल्या तर, कर ९,२४० डॉलर होतो. आता कराचा मासिक हिस्सा ७७०, म्हणजे ६०५ डॉलरची कायमची वाढ. त्याशिवाय गेल्या वर्षी कमी पडलेले पैसे आणि खात्यात ठेवायची वाढीव शिल्लक वसूल करायची असते. बारा महिन्यांत वाटली तर तीही सुमारे ७०६ डॉलर. एकूण हप्ता ३,८७६ डॉलरच्या घरात जातो. वर्षाने तो ३,१७० वर उतरेल, २,५६५ वर पुन्हा कधी येणार नाही.

१९७४च्या रेस्पा या घरकर्ज-व्यवहारांच्या संघीय कायद्याखालील नियमांनी या खात्याला काही लगाम घातले आहेत. राखीव शिल्लक वर्षाच्या खर्चाच्या एक-षष्ठांशापेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणजे सुमारे दोन महिन्यांची. वर्षातून एकदा हिशेब द्यावा लागतो. शिल्लक कमी आहे पण खाते शून्याखाली गेलेले नाही, आणि तूट महिन्याच्या एस्क्रो रकमेइतकी वा जास्त आहे, तर वसुली किमान बारा महिन्यांत वाटावी लागते. पण कर्ज देणाऱ्या कंपनीने स्वतःचे पैसे घालून कर भरला आणि खाते उणे झाले, तर तेवढे पैसे दोन हप्त्यांतही मागता येतात. वरच्या उदाहरणातला मालक नेमका याच दुसऱ्या गटात पडतो. संरक्षणाची गरज सर्वांत जास्त असते तिथेच ते सर्वांत तोकडे आहे.

खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. रिकाम्या प्लॉटचा कर बांधलेल्या घराला लागू राहणार नाही, हे बिल्डरला, एजंटाला आणि कर्ज देणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आकारणी न झालेल्या नव्या घरासाठी आसपासच्या तशाच घरांच्या आकारणीवरून अंदाज काढण्याची मुभा नियमांत आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही. कमी अंदाजाने हप्ता लहान दिसतो, उत्पन्नाच्या प्रमाणात कर्ज बसते आणि व्यवहार पुरा होतो. ज्याला हे कमी ठाऊक, त्याच्याच माथी पुढची सगळी रक्कम मारणे न्यायाचे नाही. ही मुभा सक्तीत बदलायला हवी, आणि दुसऱ्या वर्षाचा संभाव्य हप्ता कर्जाच्या कागदांवर पहिल्या हप्त्याशेजारी छापायला हवा.

डॅलस-ऑस्टिनच्या उपनगरांत घर घेणारी मराठी कुटुंबे याबाबत जास्त गाफील राहू शकतात. महाराष्ट्रात महापालिकेचे बिल मालकाच्या नावाने घरी येते, बँकेचा त्याच्याशी संबंध नसतो आणि हप्ता वाढला तर व्याजदरामुळे वाढतो. अमेरिकेत मात्र करमूल्याची नोटीस आणि एस्क्रोचा वार्षिक हिशेब हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. स्वतः राहत्या घराची होमस्टेड सवलत अर्ज केल्यावरच मिळते. करमूल्य अवाजवी वाटले तर टेक्ससमध्ये साधारणपणे १५ मेपर्यंत हरकत नोंदवता येते, न्यू जर्सीत बहुतेक गावांत १ एप्रिलपर्यंत. प्लॉटवरच कर धरला आहे असे लक्षात आले, तर कंपनीकडे मुदतीआधी नवा हिशेब मागता येतो, किंवा फरकाची रक्कम दरमहा बाजूला काढून ठेवता येते. तूट आधीच पडली असेल तर ती बारा वा अधिक महिन्यांत वाटून देण्याची लेखी मागणी करावी. कंपन्या ती अनेकदा मान्य करतात.