बसल्यावर उठावंसं वाटू नये

आमच्या मुंबईतल्या दिंडोशीच्या घरात मे महिन्याची चर्चा होळीलाच सुरू होते. सुनेला मनाली, ह्यांना महाबळेश्वर, नातवाला जिथे बर्फ असेल ते. ज्ञानेश्वरी वाचनाला येणाऱ्या एक बाई मात्र म्हणाल्या, "डोळ्यांचे किती लाड करायचे? निसर्ग बघायची हौस हीसुद्धा आसक्तीच."

मला ते पटेना. सहावा अध्याय नुकताच चालू झाला होता. गीता योग्याला स्वच्छ जागी आसन मांडायला सांगते आणि पुढे जाते. ज्ञानदेवांचं तेवढ्यावर भागत नाही. १२९० साली नेवाशात सांगितलेल्या या ग्रंथात जागेवरच ओव्यांमागून ओव्या येतात. पाणी जवळ हवं, वारा मंद, ऊनही थंडावा देणारं. श्वापदांची दाटी नको. (इथे आमची दिंडोशी नापास, डोंगरातला बिबट्या सोसायटीच्या भिंतीपर्यंत येतो.) मोर कायम नसावेत, पण अधूनमधून आले तर आपण नाही म्हणणार नाही, असंही ते सांगून टाकतात.

खरी कसोटी एकच: तिथे बसल्यावर उठावंसं वाटू नये. आणि ती एकट्या योग्यासाठी नाही. मनात शंभर इच्छा घेऊन निघालेला वाटसरू चुकून तिथे आला, तरी परतायचं विसरतो. शौकीन माणसालाही राज्य सोडून तिथेच राहावंसं वाटतं. म्हणजे आधी वैराग्य आणि मग बक्षीस म्हणून सौंदर्य, असा क्रम ज्ञानदेव लावत नाहीत. जागा आधी आपलं काम करते.

कान्हेरीच्या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंनीही डोंगर असाच पारखून घेतला असणार. दान देणारे सोपारा-कल्याणचे व्यापारी फार लांब नव्हते आणि भोवती रान होतं. तिथली लेणी शंभरावर. ओसरीत कातळातच कोरलेला बाक, शेजारी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. बाकावर टेकलं की समोर झाडीच झाडी.

ह्यांच्या आवडत्या महाबळेश्वरलाही जुन्या क्षेत्रात पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. त्याच डोंगरावर साहेबाच्या काळातले पॉइंट आहेत. टॅक्सीवाला म्हणतो, "पाच मिनिटं, फोटो काढा, पुढचा पॉइंट राहील." वाचनाच्या त्या बाई म्हणाल्या ती आसक्ती मला दिसते ती या उरकण्यात.

सुनेला म्हटलं, गाव कुठलंही घे, खोलीला गॅलरी हवी आणि एक दिवस गाडी सांगायची नाही.

"मग दिवसभर करायचं काय, आई?"

ज्ञानदेव एवढं वर्णन करून निवड शेवटी ज्याच्या त्याच्या मनावर सोपवतात: मन कुठे राहतंय ते पाहावं, राहील तिथे आसन मांडावं. नातवाचं मन बर्फात राहत असेल तर खुशाल मनालीला जावं. फक्त ते राहतंय की नाही, हे कळेपर्यंत त्याला तिथून उठवू नये.